डग्लसला पलीकडे नेताना

बंदराच्या फाटकाशी खिडकीतल्या मुलीनं तिकीट पाहिलं, कागद पाहिले, मान लांब करून मागच्या सीटवरच्या कुत्र्यावर नजर टाकली आणि हसून विचारलं, "नाव काय त्याचं?" आणि क्लाइव्ह हॉलेट म्हणाला, "मॉरिस."

असं का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळलं नाही. मॉरिस नावाचं कुणी त्याच्या ओळखीचं नव्हतं. मुलीनं कागदावर बोट टेकवलं. "इथं तर डग्लस लिहिलंय." "हो. घरी मॉरिस म्हणतो." "लाडाचं नाव होय," ती म्हणाली, आणि पंजाचं चित्र असलेला एक पुठ्ठा तिनं आरशाला अडकवायला दिला. आत जनावर आहे हे जहाजावरच्या माणसांना कळावं म्हणून. क्लाइव्हनं पुठ्ठा अडकवला. खोटं बोलायची गरज नव्हती. कुणी संशय घेतला नव्हता, कुणी अडवणार नव्हतं. इतके दिवस तो जे बोलत आला होता ते निदान विचारपूर्वक बोलत होता. आज ते आपणहून तोंडातून बाहेर आलं होतं, उचकी यावी तसं. मागून डग्लसनं त्याच्या खांद्यावर नाक टेकलं. ओलं, थंड. आणि पुढची गाडी हलली म्हणून क्लाइव्हनंही गाडी पुढे घेतली.

कारण डग्लस मेलेला होता. निदान रेडिंगमध्ये, त्याच्या मुलीच्या, रॉझलिनच्या घरात, डग्लस मेलेला होता. ते सुरू झालं एका रविवारी. जेवण होतं, नेहमीसारखं क्लाइव्हच्याच घरी. भट्टीत कोंबडी, टेबलावर वाटाणे, आणि तो शेगडीपाशी उभा राहून रस्सा ढवळत होता, कारण त्याची बायको ऑड्री गेल्यापासून त्याच्या रश्श्यात गुठळ्या होत आणि रॉझलिन त्याबद्दल काही बोलत नसे, आणि ती बोलत नाही याचाच त्याला जास्त त्रास होई. टिली, त्याची नात, टेबलाच्या पलीकडे जमिनीवर कुत्र्याजवळ बसली होती. मग एक आवाज झाला. किंकाळी नव्हती ती, किंकाळी नंतर आली. आधी नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज. तो वळला तेव्हा पाच वर्षांची टिली गालावर हात ठेवून बसली होती आणि बोटांमधून रक्त येत होतं. तिच्या तोंडावर भीती दिसत नव्हती, नवल दिसत होतं. डग्लस टेबलाखाली जाऊन बसला होता आणि दुसऱ्याच कुणीतरी काही केलं असावं तसा पाहत होता. मधलं जे काही घडलं ते कुणीच पाहिलं नव्हतं. टिलीला विचारलं तर ती ओठ मिटून घेई. गालापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत टाके पडले. व्रण फिका होईल, डॉक्टर म्हणाला. जाईल असं म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉझलिनचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, मी चिडून बोलत नाहीये," ती म्हणाली. "पण तो दुसऱ्या कुणाच्या पोराला चावला तर? मग आपण काय तोंड दाखवायचं? त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे ने, कायमचं झोपवायला. मी येऊ का बरोबर?" "नको," तो म्हणाला, "मी नेतो." आणि त्यानं खरंच नेलं होतं. दवाखान्याच्या बाकावर तो बसला, शेजारी मांजराची टोपली घेऊन एक बाई बसली होती, आणि आतल्या दारातून नाव पुकारलं गेलं तसा डग्लस स्वतः उठला. शेपूट हलवत, पट्टा ताणत, आपल्यालाच बोलावलंय या आनंदात तो त्या दाराकडे निघाला. क्लाइव्हला तिथं बसून ते पाहवेना. त्यानं पट्टा ओढला, रस्त्यावर आला, गाडीत बसला आणि रॉझलिनला फोन केला. "झालं," म्हणाला. पलीकडे ती रडायला लागली. संध्याकाळी ती खिम्यावर बटाट्याचा थर देऊन भाजलेलं जेवण घेऊन आली, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आईचा कुत्रा होता रे तो, मला का कळत नाही?" आणि तो जेवला. दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवला. डग्लस तेव्हा न्यूबरीच्या बाजूला, पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या एका बाईकडे होता. जाताना रॉझलिननं कुत्र्याचं अंथरूण आणि भांडं उचलून नेलं, बापाच्या नजरेसमोर नको म्हणून. मग त्याला गुपचूप नवं अंथरूण, नवं भांडं आणावं लागलं. दुकानातल्या पोरीनं विचारलं, नवीन पिल्लू का? तो हो म्हणाला.

जहाजावर कुत्रं ठेवता येईल अशा खोल्या एका बोळात होत्या. जमिनीला गालिचा नव्हता, जंतुनाशकाचा वास होता आणि त्या वासाखाली आधीच्या कितीतरी कुत्र्यांचा. डग्लस प्रत्येक कोपरा हुंगत राहिला. क्लाइव्ह पलंगाच्या कडेवर बसला. इंजिनाची घरघर तळपायातून वर येत होती. पलीकडे, फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ऑड्रीचा भाऊ क्लेमेंट गाडी घेऊन येणार होता. तीसएक वर्षं तो नॉर्मंडीत राहत होता, सफरचंदं पिकवत होता, एकटाच. त्याला क्लाइव्हनं सांगितलं होतं की गुडघे साथ देत नाहीत, कुत्रा फिरवणं होत नाही, तू ठेव. रॉझलिनला सांगितलं होतं की क्लेमेंटकडे आठवडाभर हवापालट करून येतो. ती म्हणाली होती, जा बाबा, खरंच जा. दोन माणसांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि दोन्ही ठिकाणी आपुलकीच वाट्याला आली होती.  

हे सगळं कुत्र्यासाठी, की ऑड्रीसाठी? लोक ऑड्रीसाठीच म्हणाले असते. नावही तिनंच ठेवलेलं, बँकेच्या साहेबाला शोभेल असं. बागेत ती "डग्लस, ते तोंडातनं टाक!" असं ओरडली की त्याच नावाचा एखादा सभ्य गृहस्थ दचकून वळे आणि ती खुदखुदत घरी येऊन सांगे. शेवटच्या महिन्यांत तो तिच्या पलंगावरून खाली उतरत नसे. पण ते कारण नव्हतं. कारण सांगायचं तर ती गेल्यावरची एक दुपार सांगावी लागली असती. क्लाइव्ह जिन्यात बसला होता, आणि त्याच्या तोंडातून असा काही आवाज निघत होता की तो आपलाच आहे हे त्याला पटत नव्हतं. डग्लस आला, त्याच्या खालच्या पायरीवर बसला. त्याच्याकडे पाठ करून, तोंड दाराकडे करून. कुणी आत येऊ नये म्हणून बसावं तसा. बराच वेळ. रॉझलिननं बापाला तसं कधी पाहिलं नव्हतं, पाहूही नये. ज्यानं पाहिलं होतं तो एकच जीव होता, आणि त्याला आपल्या हातानं दवाखान्याच्या त्या दारातून आत पाठवायचं. हे कुणाला सांगणार? शब्दांत मांडलं तर ते टिलीच्या गालापुढे ठेवायच्या लायकीचं नव्हतं. टिलीचा गाल रोज त्याच्या डोळ्यांसमोर येई. दाढी करताना, स्वतःचा गाल ताणताना हमखास येई.

दुपारी समुद्र फुगला. डग्लस लाळ गाळू लागला, मान खाली घालून थरथरू लागला, म्हणून क्लाइव्हनं त्याला मुसकं चढवलं आणि वरच्या डेकवर नेलं. खोलीबाहेर कुत्र्याला मुसकं हवंच असा जहाजाचा नियम होता आणि त्या नियमानं त्याला बरं वाटलं होतं, कारण सगळ्यांच्याच तोंडाला मुसकं असलं की कुणाचं का आहे हे कुणी विचारत नाही. कुत्र्यांसाठी खोट्या हिरवळीचा एक तुकडा टाकला होता. वाऱ्यानं कान फाटत होते. तिथं दोन बुटकी कुत्री घेऊन एक जाडजूड बाई उभी होती, जवळ लाल टोपी घातलेली एक मुलगी.

"मी डोरीन," बाई म्हणाली. "ही माझी नात, फ्रेया. तुमचा चावत नाही ना?"

"छे हो," क्लाइव्ह म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. आमचा हा बिस्किट चावतो, पण दात कुठायत त्याला? हिरड्यांनी चावतो मेला." ती स्वतःच हसली. "तुमच्याला लागलाय वाटतं समुद्र. माझ्या नवऱ्याचं असंच व्हायचं. तोंडाला मुसकं मात्र नव्हतं, हेच वाईट."

क्लाइव्ह हसला. माणसासारखं हसून त्याला बरेच दिवस झाले होते. एवढ्यात डग्लसचं पोट आत ओढलं गेलं, एकदा, दोनदा, मानेपर्यंत लाट आली. मुसक्यात ओकला तर गुदमरेल. क्लाइव्हनं गुडघे टेकले, घाईघाईनं बंद सोडला, मुसकं काढलं आणि डग्लस त्या खोट्या हिरवळीवर पिवळं पाणी ओकला. पाय फाकून, मान पाडून उभा राहिला. क्लाइव्ह त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, "झालं, झालं राजा," म्हणत राहिला, आणि त्या शब्दांमध्ये स्वतः इतका गुंतला की लाल टोपी जवळ आलेली त्याला दिसली नाही. मुलीच्या हातात कागदी पेला होता. पाणी होतं त्यात. कुत्र्यासाठी आणलेलं. ती वाकली, पेला पुढे केला, दुसरा हात त्याच्या डोक्याकडे नेला.

गुरगुर क्लाइव्हला ऐकू आली नाही. वाऱ्यात ऐकू येण्यासारखी नव्हतीच. ती त्याच्या तळहाताला लागली, पाठीच्या केसांखालून, इंजिनाच्या घरघरीपेक्षा बारीक. त्यानं पाहिलं तेव्हा डग्लसचा ओठ एका बाजूनं वर गेला होता. त्या क्षणी क्लाइव्हला कुणाचीच दया आली नाही, भीतीही वाटली नाही. फक्त एवढंच दिसलं की रस्सा ढवळताना पाठीमागे जे घडलं होतं ते हे असं होतं. अगदी एवढंसं. त्यानं पट्ट्याला हिसका दिला, कुत्र्याचं डोकं काखेत दाबून धरलं आणि ओरडला, "मागे हो! चावतो तो!"

पेला पडला. मुलगी मागे धडपडली, रडायला लागली. डोरीननं तिला उचलून घेतलं. "आत्ताच म्हणालात ना चावत नाही म्हणून?"

"खोटं बोललो," क्लाइव्ह म्हणाला. "माझ्या नातीला चावलाय. तोंडाला. हिच्याएवढीच आहे."

 डोरीनच्या चेहऱ्यावरची सगळी गंमत निघून गेली होती. "आणि तरी बाहेर घेऊन फिरता," ती म्हणाली. शिवी देईल असं वाटलं, दिली नाही. "बिचारी ती," एवढंच म्हणाली, आणि ते कुणाबद्दल हे त्याला कळलं. ती दोन्ही कुत्री ओढत, मुलीला कडेवर घेऊन दाराकडे गेली. दारातून मुलीनं मागे वळून पाहिलं. माणसाकडे नाही, कुत्र्याकडे.

खोलीत परतल्यावर त्यानं दाराला आतून कडी लावली. डग्लस पाणी प्यायला, त्यानं क्लाइव्हच्या बुटावर हनुवटी टेकली आणि झोपला. तेच डोकं. तोच ओठ, आता सैल, एका दातावर अडकलेला. क्लाइव्ह त्या दाताकडे पाहत बसला. हा पुन्हा चावेल हे आपल्याला आधीच माहीत होतं का, याचं उत्तर तो शोधत होता आणि सापडेल या भीतीनं पुन्हा सोडून देत होता. क्लेमेंट एकटा असतो हे खरं, पण त्याच्या बोलण्यात शेजारच्या पोरांचा उल्लेख येत असे, अंडी न्यायला येणाऱ्या. ते आपण ऐकलं होतं. ऐकून बाजूला ठेवलं होतं. म्हणजे त्या पोरांचे गाल परके, म्हणून चालतील? तो उठला, बेसिनमध्ये तोंड धुतलं, पुन्हा बसला. वर डेकला कठडा होता, कठड्याखाली पाणी होतं. तो विचार आला तसा त्यानं पाहिला, एकट्या कुत्र्याला ढकलावं, किंवा कुत्र्याला घेऊन स्वतःही उडी टाकावी. पाहिला आणि त्याला वाटलं, यातही मी कुणालाच काही सांगणार नाही, सगळं दुसऱ्यांनाच शोधून काढावं लागेल. मग रॉझलिनला पोलिसांचा फोन येईल आणि बापाबरोबर मेलेला कुत्रा पुन्हा मेला म्हणून कळेल. हे इतकं हास्यास्पद होतं की तो डोकं भिंतीला टेकून हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. डग्लसनं एक डोळा उघडून पाहिलं. उठला नाही. दमला होता.

पलीकडचा किनारा सपाट आणि करड्या रंगाचा होता. बंदराबाहेर, वाळूच्या बाजूला गाड्या लावायच्या जागी क्लेमेंट आपल्या जुन्या व्हॅनला टेकून उभा होता. ऑड्रीचंच नाक, ऑड्रीचीच खांदे उडवायची लकब. क्लाइव्ह गाडीतून उतरला, दार लावून घेतलं आणि मिठी मारायला आलेल्या मेहुण्याला हातानं थांबवलं. "आधी ऐक," म्हणाला. आणि सांगितलं. रस्सा, गाल, दवाखान्याचं दार, न्यूबरी, आणि आत्ताच जहाजावरचं. सांगायला फारसा वेळ लागला नाही. इतके दिवस वागवलेलं एवढंसंच होतं.

क्लेमेंटनं टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे गुडघ्यांना काही झालेलं नाही."

"नाही."

"मी लेका तुझ्यासाठी खालची खोली आवरून ठेवलीय. जिना नको म्हणून." त्यानं टोपी परत डोक्यावर चढवली. "ऑड्री असती तर तुझ्या थोबाडीत मारली असती. मला ते जमत नाही. माझ्याकडे पोरं येतात, क्लाइव्ह."

"ठाऊक आहे. म्हणून सांगितलं. परत नेतो. इथं डॉक्टर असेल तर..."

"थांब जरा. घाई तुला तेव्हा करायची होती, आता नको." क्लेमेंट गाडीच्या काचेपाशी गेला, आत पाहिलं. डग्लसनं शेपूट आपटलं. "मागे मेंढ्यांचा रिकामा गोठा आहे. उंच जाळी आहे, कडी आहे. पोरं आली की हा आत. आईबापांना मी स्वतः सांगीन, चावरा कुत्रा आहे म्हणून. तू महिनाभर इथं राहायचंस, याच्याबरोबर. आणि एकदा जरी कुणाला दात लावला, तर मी नेईन डॉक्टरकडे. तू नाही, मी. कबूल?"

क्लाइव्हनं मान हलवली. 

"रॉझलिनला ठाऊक आहे?"

"तिच्या लेखी तो मेलाय."

"मग कर फोन," क्लेमेंट म्हणाला. व्हॅनमध्ये जाऊन बसला आणि वर्तमानपत्र उघडून त्यामागे दिसेनासा झाला.

"पोचलास का?" रॉझलिन म्हणाली. मागे नळ वाहत होता. "जेवलास काही?"

"रॉझ, डग्लस जिवंत आहे. माझ्याबरोबर आहे. मी त्याला नेलंच नाही आत."

नळ बंद झाला. वारा फोनमध्ये शिरत होता, त्यानं हाताचा आडोसा केला. 

"मी केलेलं जेवण जेवलास तू," ती म्हणाली.

"हो."

"मी त्याचं अंथरूण माझ्या हातानं टाकून आले. गाडीत बसून रडले. मला वाटलं, आईची शेवटची वस्तू मी बापाच्या हातून काढून घेतली."

"हो, रॉझ."

"हो काय? नुसतं हो काय म्हणतोस?" तिचा आवाज फाटला आणि परत खाली आला. "तुला माहीत आहे टिली रोज काय विचारते? झोपताना विचारते, मी डग्लसला मारलं का? मी सांगते, नाही गं. तिला पटत नाही. शाळेत बाईंना जाऊन सांगितलं तिनं, माझ्यामुळे आजोबांचा कुत्रा मेला. बाईंनी मला बोलावून घेतलं."

क्लाइव्हनं गाडीच्या टपावर हात टेकला. टप गार होता. त्यानं सगळा हिशेब मांडला होता. रॉझलिनचा राग, लोकांचं बोलणं, कुत्र्याचा जीव, स्वतःचा. त्या हिशेबात ही गोष्ट कुठंच नव्हती. टाके घातलेला गाल उशीवर टेकवून ती मुलगी रोज संध्याकाळी एका जिवंत कुत्र्याचं मरण वाहत होती, आणि ते तिच्यावर ठेवणारा तो होता, आणि तो तिला भेटायला जाताना नुसती एक बाहुली घेऊन गेला होता.

"तिला दे," तो म्हणाला.

"देते. पण ऐकून ठेव. मी तुझ्याशी बरेच दिवस बोलणार नाहीये. किती ते मला माहीत नाही." मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, पावलं, कुजबुज. मग जवळून एक श्वास.

"आजोबा?"

"टिली, डग्लस मेलेला नाही. मी खोटं सांगितलं होतं. आईलाही, तुलाही. तो इथं आहे."

"कुठं?"

"फ्रान्समध्ये. गाडीत बसलाय. काचेतून बघतोय माझ्याकडे."

ती विचार करत होती. तिचं विचार करणं ऐकू येत असे, नाकातून. "मग मी त्याला मारलं नाही?"

"नाही. तू काहीच केलं नाहीस."

"केलं," टिली म्हणाली. "मी त्याच्या कानात सांगत होते. अगदी जवळ जाऊन. तो झोपला होता, तरी सांगत होते."

"काय सांगत होतीस?"

"ते गुपित आहे."

"बरं."

"तो परत येणार आहे?"

"नाही, बाळा. तो आता इथंच राहील, क्लेमेंटमामांकडे. जाळीच्या आत. त्याला जवळ आलेलं माणूस आवडत नाही, हे आपल्याला माहीत नव्हतं."

पुन्हा नाकातला श्वास. लांबवर रॉझलिन काहीतरी आपटून ठेवत होती, भांडं असावं. "त्याला सांग, मी रागावले नाही," टिली म्हणाली.

"सांगतो."

"आत्ता सांग. मी ऐकते." आणि मग, तो दाराकडे हात नेत असतानाच, घाईघाईनं, "आजोबा, कानात नको हं सांगूस. लांबून सांग."

क्लाइव्हनं दार उघडलं नाही. फोन पुढे धरून तो गाडीपासून मागे सरला, आणखी थोडा मागे सरला, आणि वाऱ्यातून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यानं ते सांगितलं.